दोनातलं एकच सांगितलं

माझा मोठा भाऊ दिवाकर बारापात्रे रेल्वेत मालगाडीचा गार्ड होता. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण दादा शेवटपर्यंत स्वतःला गार्डच म्हणवून घ्यायचा. आमचे वडील गोंदियाहून रेल्वेच्या नोकरीवर रायपूरला आले ते इथेच राहिले, आणि दादाही त्यांच्याच खात्यात लागला. कोळशाच्या गाडीच्या शेवटच्या डब्यात तो एकटा बसायचा. बारा-बारा तास. बोलायला कोणी नाही, आणि सिग्नल मिळेपर्यंत गाडी कुठल्या तरी माळावर उभी. झोप येऊ नये म्हणून खर्रा. प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेली सुपारी, तंबाखू आणि चुना. त्याचा डावा गाल कायम इतका फुगलेला असायचा, की त्याची मुलगी अनुश्री लहानपणी त्यावर बोट ठेवून विचारायची, "पापा, इसमें क्या रखा है?"

दारूही प्यायचा, पण फक्त रेस्टच्या दिवशी. ड्यूटीवर चढताना मशीनमध्ये फुंकावं लागायचं, आणि त्या मशीनला दादा साहेबापेक्षा जास्त भ्यायचा.

मी पराग, त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान. शंकर नगरात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढतो. माझं लग्न तीन वर्षं टिकलं. ते मोडल्यावर नातेवाईकांनी मला बोलावणं हळूहळू कमी केलं. मीही जाणं सोडलं. एक घर तेवढं राहिलं, तेलीबांध्याच्या तलावामागचं दादाचं. शनिवारी त्याला रेस्ट असली की मी संध्याकाळी सरकारी दारूच्या दुकानाच्या रांगेत उभा राहून बाटली घ्यायचो आणि त्याच्या गच्चीवर जायचो. दोन खुर्च्या, मधे स्टूल. दादा गाडीच्या गोष्टी सांगायचा, मी ऐकायचो. आठवड्यात मी मनापासून हसायचो ते तिथंच.

२०१८च्या पावसाळ्यात दादाच्या जिभेला डाव्या कडेला फोड आला. दाताची कड लागली असेल म्हणून त्यानं दोन महिने हळद-तूप लावलं. इंदूवहिनीनं जबरदस्तीनं दवाखान्यात नेलं तेव्हा तपासणीत कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये जिभेचा जवळजवळ अर्धा भाग काढला, मानेतल्या गाठी काढल्या. नाकातून नळी, मानेवर कानापासून गळ्यापर्यंत टाके. अनुश्री तेव्हा पुण्याला शिकत होती, ती येऊन-जाऊन होती. वहिनी नवा रायपूरला मंत्रालयात नोकरीला. तिनं रजा घेतली होती, पण दवाखान्यातली धावपळ मी माझ्याकडे घेतली. कागदांवर अटेंडेंट म्हणून माझंच नाव होतं.

नवव्या दिवशी सुटी मिळाली. वहिनी खाली औषधाच्या खिडकीपाशी रांगेत होती. डॉक्टरबाई आल्या, टाके पाहिले, आणि मला म्हणाल्या, "देखिए, अब रेडिएशन होगा. उसके बाद सब ठीक रहा तो लंबी ज़िंदगी जिएँगे. लेकिन तंबाकू और शराब, दोनों बंद. हमेशा के लिए. मुँह और गले की सारी अंदरूनी परत ने बरसों वही झेला है. एक जगह से निकाल दिया, दूसरी जगह नया हो सकता है. तंबाकू छोड़ी और पीते रहे, तो भी हो सकता है. घर में सबको बता दीजिए."

"हव, मॅडम," मी म्हणालो.

त्या गेल्या. दादानं उशीखालची पाटी ओढली. बोलता येत नव्हतं म्हणून अनुश्रीनं त्याला लहान मुलांची पाटी आणून दिली होती. त्यानं लिहिलं, ‘इंदूला दारूचं सांगू नको.’

मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं खाली आणखी लिहिलं, ‘तंबाखू सोडतो. शपथ.’

एवढ्यात वहिनी औषधांची पिशवी घेऊन वर आली. दादानं तळहातानं पाटी पुसली.

"काय म्हणाल्या मॅडम?" तिनं विचारलं.

दादा माझ्याकडे पाहत होता. सुजलेला चेहरा, नाकात नळी, आणि लहान मुलासारखे डोळे. मी म्हणालो, "तंबाखू बंद म्हणाल्या. एकदम बंद."

"तंबाखूचं तर मी पाहतेच," वहिनी म्हणाली.

त्या क्षणी मला वाटलं होतं, आज एवढंच. चार दिवसांनी, घरी गेल्यावर, त्याला जरा बरं वाटल्यावर दुसरं सांगू. ते चार दिवस कधी संपले नाहीत. खरं सांगायचं तर त्यात माझीही एक गोष्ट होती, आणि ती मला तेव्हाही कळत होती. दारू बंद म्हणजे शनिवार बंद. शनिवार बंद झाला तर मी कुठं जाणार होतो?

वहिनीनं तंबाखूचं खरंच पाहिलं. तिच्या रजा संपल्या होत्या. ती सकाळी बसनं नवा रायपूरला जायची आणि दादा घरी एकटा. तिनं त्याला सांगून ठेवलं होतं, "तलफ आली की मले फोन लावा. बोलू नका, नुसता लावा." दादाची जीभ तेव्हा वळत नव्हती. तो फोन लावायचा आणि नुसता श्वास घ्यायचा. पलीकडून वहिनी, समोर जो कागद असेल तो वाचून दाखवायची. एकदा मी दादाजवळ बसलो होतो, फोन स्पीकरवर होता. "विषय, कार्यालयीन समय में उपस्थिति के संबंध में," वहिनी शांत आवाजात वाचत होती, "समस्त अधिकारी एवं कर्मचारी प्रातः दस बजे..." दादा डोळे मिटून, उशी पोटाशी धरून ऐकत होता. कपाळावर घाम. सात-आठ मिनिटांनी त्याची मूठ सुटली. त्यानं फोनवर बोटानं दोनदा टकटक केलं. "गेली का? बरं, ठेवते," वहिनी म्हणाली.

दिवसातून दहा-दहा वेळा. चार महिने. तिच्या टेबलाशेजारच्या बायका हसायच्या म्हणे, साहेब एकदा रागावले. पण दादाचा खर्रा सुटला तो सुटला. रेडिएशनही पार पडलं.

आजारानंतर रेल्वेनं दादाला गाडीवरून उतरवलं आणि ऑफिसात टेबल दिलं. मेडिकल तपासणीत तो गाडीसाठी अनफिट ठरला होता. टेबलावर बसणाऱ्याला कोणी मशीनमध्ये फुंकायला लावत नाही. आधी जी दारू आठवड्यातून एकदा होती ती आता रोज झाली. फार नाही, रोज संध्याकाळी दोन पेग. शनिवारी तीन, कधी चार. वहिनीनं सुरुवातीला विचारलं, "हे चालते का पण?"

"काय होते त्यानं?" दादा म्हणाला. त्याची जीभ आता बरीच वळत होती, फक्त स आणि र बोबडे निघायचे. मी इथे सरळ लिहितो आहे. "कॅन्सर तंबाखूनं होते. दारूनं लिव्हर जाते, अन् माझं लिव्हर चांगलं आहे. विचार परागले."

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "थोडी चालते, वहिनी."

तिनं विश्वास ठेवला. कशी न ठेवणार? दवाखान्यात मी होतो, डॉक्टरशी मी बोललो होतो. उलट तिला हायसं वाटलं असावं. गाडीवरचा दादा महिन्यातले वीस दिवस बाहेर असायचा, आता रोज संध्याकाळी घरी. ऑफिसात बोबड्या बोलण्याची लाज वाटून तो गप्प राहायचा. पहिला पेग पोटात गेला की मात्र खुलायचा, हसायचा, बोलायचा. कडक काही चावता येत नव्हतं म्हणून वहिनी त्याच्यासाठी मुंगवडे करून ताकात भिजवून ठेवायची. मऊ, वरून जिऱ्याची फोडणी. शनिवारी माझ्यासाठी वेगळी वाटी. ती वाटी ती स्वतः गच्चीवर आणून द्यायची.

तपासणीला मीच दादाला न्यायचो. आधी दर दोन महिन्यांनी, मग चार, मग सहा. फाइल माझ्याच कपाटात असायची. दर वेळी डॉक्टरबाई विचारायच्या, "तंबाकू?"

"नहीं," दादा ताठ मानेनं म्हणायचा.

"शराब?"

दादा नाही म्हणून मान हलवायचा. त्या फाइलीत काहीतरी लिहायच्या. मी तेवढा वेळ भिंतीवरच्या चार्टकडे पाहायचो. त्या चार्टवर घशाचं चित्र होतं. नाकापासून पोटापर्यंत, आतून, गुलाबी रंगात. पाच वर्षांत मला ते चित्र पाठ झालं. मनात आणलं असतं तर हुबेहूब काढलं असतं.

तोंड उघडायची संधी नव्हती असं नाही. एकदा, कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी, मी गाडी तलावाच्या कडेला थांबवली आणि दादाला म्हणालो, "दादा, आता सोड ना बे हे. मॅडम काय म्हणाल्या होत्या आठवते ना?"

तो काचेतून पाण्याकडे पाहत राहिला. "तू सोडतो का?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, "पाहू."

"मग पाहू," तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही हसलो. इतकंच बोलणं झालं.

२०२३च्या नोव्हेंबरात पाच वर्षं पूर्ण झाली. डॉक्टरबाईंनी तोंड पाहिलं, गळा चाचपला, आणि पहिल्यांदाच हसल्या. "पाँच साल निकाल दिए आपने. अब साल में एक बार आइए." दादानं बाहेर येऊन वहिनीला फोन लावला. पलीकडे ती रडायला लागली. दादा म्हणत होता, "अगं, रडून काहून राहिली? चांगलं सांगितलं ना." त्या शनिवारी गच्चीवर दहा-बारा माणसं जमली. अनुश्री तेव्हा रायपूरलाच नोकरीला लागली होती, तिनं दिव्यांच्या माळा लावल्या. मी एरवी घेत नाही तसली भारी बाटली आणली, डब्यातली. दादानं ती सगळ्यांसमोर उघडली. पहिला घोट घेतल्यावर वहिनीला जवळ बोलावलं, म्हणाला, "हिनं सोडवली माझी तंबाखू. नाहीतर आज माझा फोटो राहिला असता भिंतीवर." वहिनी लाजली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

पुढच्या जूनमध्ये एकदा जेवताना दादा अचानक थांबला. पोळीचा घास अडकला होता. त्यानं पाणी प्यायलं, छातीवर मूठ मारली, घास उतरला. मग तो पोळी वरणात कुस्करून खायला लागला. मग नुसता वरणभात. वहिनीनं विचारलं तर म्हणे, "जुनंच आहे, रेडिएशनचं. घसा कोरडा राहते." ऑगस्टपर्यंत शर्टाची कॉलर सैल झाली. एका शनिवारी त्याला माझ्यासमोर मुंगवडाही गिळता आला नाही. रुमालात काढून ठेवला. दारू मात्र उतरत होती. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सोमवारी मी त्याला दवाखान्यात नेलं.

या वेळी वहिनीही आली.

तोंडातून दुर्बीण घालून आत पाहिलं, तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ दिवसांनी आम्ही तिघं डॉक्टरबाईंसमोर बसलो. त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला. म्हणाल्या, "ये पुराना वाला वापस नहीं आया है. वो ठीक है. ये नया है. खाने की नली में."

वहिनीला कळेना. "नया कैसे? तंबाकू तो इन्होंने छुई भी नहीं. छह साल से. मैं गवाह हूँ."

"और शराब?"

दादानं मान हलवायला सुरुवात केली होती, पण वहिनी आधीच बोलून गेली होती. तिला लपवण्यासारखं काही माहीतच नव्हतं. "वो तो थोड़ी. रोज़ शाम को दो, बस. घर में ही."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. फाइल उलटी-सुलटी केली. "हर विज़िट में लिखा है, नहीं लेते." मग पार शेवटच्या पानापर्यंत गेल्या. "डिस्चार्ज पर भी लिखा है. तंबाकू और शराब, दोनों बंद. अटेंडेंट को समझाया. नीचे साइन है."

सही माझी होती. वहिनी रोज दिवसभर फाइली वाचणारी बाई. तिनं वाकून ती सही पाहिली, मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपण काही चुकीचं वाचलं असेल, अशा नजरेनं ती पाहत होती.

"मीच लिहिलं होतं पाटीवर, तुले थांगू नको म्हणून," दादा म्हणाला. घाबरला की त्याची जीभ पुन्हा पहिल्यासारखी व्हायची. "इंदू, मी थांगितलं. त्याचा काही दोथ नाही."

डॉक्टरबाई हिंदीतच बोलत राहिल्या. त्या आमच्यावर ओरडल्या नाहीत. मी विचारलं, "मॅडम, शराब से ही हुआ क्या?"

"एक आदमी के बारे में कोई नहीं बता सकता," त्या म्हणाल्या. "तीस साल की तंबाकू भी है. छोड़ देते तो भी हो सकता था. पर ख़तरा कम होता. काफ़ी कम होता." मग रिपोर्ट फाइलीत लावत म्हणाल्या, "आज भी छोड़ेंगे तो इलाज अच्छे से सहेंगे. देर है, पर बेकार नहीं है."

बाहेर आलो. दादा तपासणीसाठी रक्त द्यायला गेला. लोखंडी बाकावर मी आणि वहिनी दोघंच.

"वहिनी, मले वाटलं होतं..."

"काय वाटलं होतं?"

उत्तराची वाट न पाहता तीच म्हणाली, "माणसानं दुखण्यात काहीही लिहिलं असतं, भाऊजी. त्यांनी उद्या विष आणून दे म्हटलं असतं तर?" तिचा आवाज चढला नाही. ऑफिसचा कागद वाचावा तसं ती बोलत होती. "मले एक सांगायचं होतं तुम्ही. एकच. मी सोडवली असती. तंबाखू सोडवली ना? ती तर तीस वर्षांची होती. ही पण सोडवली असती. सोडली नसती तर निदान माझ्या हातानं चकना करून दिला नसता."

मग ती उठली आणि रक्त तपासणीच्या खोलीबाहेर जाऊन उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून.

त्या दिवसापासून दादानं दारूला हात लावला नाही. पहिले काही दिवस हात थरथरायचे, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मग ते थांबलं. मीही त्याच दिवशी सोडली. घरातली उरलेली मोरीत ओतली. ते मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

किमो झाली, रेडिएशन पुन्हा झालं. जुन्या रेडिएशनच्या जागेवर पुन्हा फार देता येत नाही, म्हणून डॉक्टरांचे हात बांधलेले होते. ऑपरेशनचा विचार झाला, पण दादाची छाती तेवढी मजबूत नाही असं ठरलं. पोटात नळी बसवली. वहिनी दर तीन तासांनी त्या नळीतून पातळ पेज घालायची, आणि त्यातही चिमूटभर जिरं टाकायची. "त्यांना चव कळत नाही, पण मले बरं वाटते," ती अनुश्रीला म्हणाली. माझ्याशी ती कामापुरतं बोलायची. औषध आणा, गाडी काढा. वहिनीनं मला कधी दारातून परत पाठवलं नाही. पण मी गेलो की ती खोलीतून उठून जायची.

अनुश्री एकदा जिन्यात मला म्हणाली, "काका, माँ को थोड़ा टाइम दो."

"तू नाराज नाहीस?" मी विचारलं.

"हूँ," ती म्हणाली. "आप दोनों से. पर पापा बीमार हैं, उनसे क्या बोलूँ? और आप रोज़ आ रहे हो." ती रडत रडत खाली गेली.

जानेवारीतली एक दुपार. वहिनी आंघोळीला गेली होती. दादा गच्चीच्या दारात उन्हात खुर्चीवर बसला होता, मी बाजूला. त्याचा आवाज आता फार बारीक झाला होता, कान जवळ न्यावा लागायचा. मी विचारलं, "दादा, तंबाखू सोडली. मग ही काहून नाही सोडली?"

तो थांबत थांबत म्हणाला, "पहिल्या रेडिएशननंतर चव गेली ना माझी. आंबा खा, मिरची खा, सारखंच. माती. फक्त दारू घेतली की जळायचं. वाटायचं, जीभ आहे अजून." त्यानं श्वास घेतला. "अन् तू."

"मी काय?"

"तू यायचा शनिवारी. दारू नसती तर आला असता का?"

सहा वर्षं मी असं समजत होतो की दादाला बाटली लागते म्हणून मी नेतो. आणि तो समजत होता की मला बाटली लागते म्हणून मी येतो.

"आलो असतो," मी म्हणालो. "दादा, मी तर तुझ्यासाठीच येत होतो बे."

"मग बोलला काहून नाही?" तो म्हणाला. रागानं नाही. खरंच विचारत होता. मी त्याचा हात धरला. हात नव्हताच, नुसती हाडं होती. वहिनी ओले केस पुसत बाहेर आली, आम्हाला पाहून पुन्हा आत गेली.

दादा गेला मार्चच्या सुरुवातीला, सकाळी नऊच्या सुमाराला. वहिनी पेज गाळत होती. अनुश्रीनं हाक मारली. मी ऑफिसला निघालो होतो, तसाच वळलो. पोचलो तेव्हा वहिनी त्याच्या पायाशी बसली होती आणि गाळणी अजून तिच्या हातातच होती. ती कोणाला घेऊ देत नव्हती.

अग्नी अनुश्रीनं दिला. दादानं तसं सांगून ठेवलं होतं. तेरा दिवस पाहुण्यांत गेले. येणारा प्रत्येक जण तेच म्हणायचा, "तंबाखूनं खाल्लं बिचाऱ्याला." वहिनी कोणाला काही बोलली नाही. मला वाटत होतं, ती केव्हातरी सगळ्यांसमोर बोलेल. मी तयार होतो. ती बोलली नाही, आणि त्यामुळे मला आणखी जड गेलं.

त्यानंतर मी जाणं बंद केलं. कोणत्या तोंडानं जाणार? वहिनीच्या पेन्शनच्या कागदांवर माझी साक्षीदार म्हणून सही लागत होती, म्हणून दिवाळीनंतर एका रविवारी सकाळी अनुश्रीनं फोन करून बोलावलं. मी पोचलो तेव्हा ती बाजारात गेली होती. दार वहिनीनं उघडलं. केस पांढरे झाले होते, बाकी तशीच. मी टेबलावरच्या कागदांवर सह्या केल्या. तिनं चहा आणून ठेवला आणि पहिल्यांदाच समोर बसली.

"अनु सांगत होती, तुम्ही सोडली म्हणे."

"हव."

"कधीपासून?"

"दुर्बिणीचा रिपोर्ट आला त्याच दिवशी."

वहिनी माझ्याकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "एवढं सोपं होतं?"

मी तिला सांगू शकलो असतो, की सोपं नव्हतं. की पहिले दोन महिने मी ऑफिसातून निघून तलावाला फेऱ्यांवर फेऱ्या मारायचो, पाय दुखेपर्यंत, दुकान बंद व्हायची वेळ टळेपर्यंत. पण तिनं ते विचारलंच नव्हतं. मी मान खाली घालून चहा प्यायलो.

ती म्हणाली, "मी रोज ठरवते, की आता तुमचा राग करायचा नाही. त्यांनीच लिहिलं, त्यांनीच लपवलं. सगळं समजते मले. पण तुमचा चेहरा पाहिला की ती सही दिसते. मी काय करू, सांगा."

"काही नका करू, वहिनी."

"नाही जमत मले," ती म्हणाली, आणि डोळे पुसले. माझ्यासमोर ती त्या बाकावरही रडली नव्हती.

मी उठलो. चपला घालत होतो तेव्हा ती दाराशी आली. "फेब्रुवारीच्या शेवटी वर्षश्राद्ध येते, तिथीनं," ती म्हणाली. "पिंड अनु देईल. पण भाऊ म्हणून पंगतीला तुम्ही लागता. सकाळी लवकर या."

मी आलो असतोच, न बोलावता दारात उभा राहिलो असतो, हे मला म्हणायचं होतं. मी फक्त हव म्हटलं.

वर्षश्राद्धाच्या दिवशी मी सकाळी सहालाच पोचलो. अनुश्रीनं विधी केले, गुरुजींनी दादाचं नाव तीनदा घेतलं. पंगतीत वहिनीनं मला पहिल्या पाटावर बसवलं आणि स्वतः वाढायला आली. भात, वरण, कढी, वडे. माझ्या पानाशी ती क्षणभर थांबली. मग वाकून तूप वाढलं आणि पुढच्या पानाकडे गेली.